दुधाला सहा टक

वेढेकाकू म्हणायचे तिला सगळे. आडनाव नव्हे हं ते. पंख्याच्या मोटारींचा कारखाना होता, तिथं ती तीस वर्षं कॉइल भरायला बसायची. केसाएवढी बारीक तांब्याची तार, आणि एका कॉइलला मोजून तेवढेच वेढे, एक कमी नाही, एक जास्त नाही. यंत्राला आकडा दाखवायची पट्टी होती, पण ती मधूनच खोटं बोलायची. काकू नाही. साहेब यंत्राकडे बघायचाच नाही, तिला विचारायचा, "काकू, किती झाले?" ती म्हणाली तीनशे बारा, की तीनशे बाराच. आम्ही शेजारच्या स्टुलांवर बसून गप्पा हाणायचो, ती हसायची, आम्हाला टोमणे मारायची, आणि आत मोजणी चालूच.

पुढं डोळ्यांनी दगा दिला. काचबिंदू. आधी कडेचं दिसेना, मग मधलं धुरकट झालं, मग तेही गेलं. नवरा त्याच्या आधीच गेलेला. मुलगा एकच, तो नोकरीपायी चार तासांच्या वाटेवर. काकू आपल्या दोन खोल्यांत एकटी राहिली. पण राहिली कशी, ते बघायला हवं होतं. पलंगापासून ओट्यापर्यंत नऊ पावलं. ओट्यापासून नळापर्यंत दोन. मायक्रोवेव्हपासून टेबलापर्यंत हातात गरम कप घेऊन चार, रिकाम्या हाताने तीन. सगळं घर तिनं कॉइलसारखं मोजून ठेवलेलं.

गेल्या वर्षी गॅसवर तिची बाही पेटली. शेजारणीनं ओला टॉवेल टाकला म्हणून निभावलं. मुलगा धावत आला, गॅस काढून टाकला, आणि हात धरून म्हणाला, "आई, ही शेवटची वेळ. पुन्हा एकदा जरी भाजलीस, तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. मग मी एक शब्द ऐकून घेणार नाही."

"बरं," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी चार वाजता तो यायचा. ती त्याला मायक्रोवेव्हमध्ये कपभर दूध तापवून द्यायची, तो प्यायचा, आणि मग म्हणायचा, "हात दाखव." शाळेत नखं बघतात ना, तसे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघायचा.

मुलगा वाईट नव्हता. सूनही वाईट नव्हती, उगाच कशाला खोटं बोला. पण काकू एकदा तिकडे आठ दिवस राहून आली होती. "आई, तुम्ही उठू नका, मी देते." "आई, बसा, मी आणते." आठ दिवसांत तिनं एक कप विसळला नाही. परत आली तर पलंगापासून ओट्यापर्यंत नऊच्या जागी दहा पावलं लागली. म्हणजे आठ दिवसांत पाऊल आखडलं! त्या दहाव्या पावलाची तिनं अशी धास्ती घेतली की काय सांगू. तिकडे कायमचं गेलं तर आपण खुर्चीतून उठायचंच विसरून जाऊ, हे तिच्या मनात पक्कं बसलं.

आता तिचा तो मायक्रोवेव्ह. जुना, गोल फिरवायच्या बटणाचा. बटण ढिलं झालेलं, एक मिनिट लावलंय का तीन, बोटांना कळायचं नाही. पण आतली काचेची ताटली ज्या तीन पायांच्या प्लास्टिकच्या तुकड्यावर बसते ना, त्या तिकोनीचा एक पाय झिजला होता. त्यामुळं ताटली फिरताना दर फेऱ्याला एकदा हलकी बसायची. टक. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही येणार नाही. काकूला तेवढं पुरे. बटण लांबवर फिरवून द्यायचं, टक मोजायचे, आणि आकडा भरला की दार उघडायचं. कपभर दुधाला सहा टक. पाण्याला आठ. दोन बटाट्यांना पंचवीस. अकरा वर्षं असं चाललं होतं, आणि एकदाही दूध उतू गेलं नव्हतं.

त्या गुरुवारी सकाळी तिनं दूध ठेवलं, बटण फिरवलं, आणि कान लावून उभी राहिली.

टक नाही.

पंखा घोंघावतोय, आत गुणगुण चालू आहे, पण टक नाही. ती वाट बघत राहिली, आणि मग एकदम घाबरून दार उघडलं. कप चाचपला तर एका अंगानं चटका बसेल इतका गरम, दुसऱ्या अंगानं गार. ताटली फिरलीच नव्हती.

तिनं बोटांवर दिवस मोजले. गुरुवार. रविवारी चार वाजता मुलगा.

पण म्हणून ती हातपाय गाळून बसली नाही, तीस वर्षं मोटारी उगाच भरल्या नव्हत्या. आधी प्लग काढला. ताटली उचलली, खालची चाकांची रिंग काढली, दोन्ही धुतली, चाकं एकेक करून फिरवून बघितली. अडकत नव्हती. मग तिकोनी धरून बोटांनी हलवली. खालच्या मोटारीतले दात तुटले असते तर ती भोवऱ्यासारखी सैल फिरली असती. ती फिरली, पण घट्ट, दातांचा जोर लागतो तशी. म्हणजे दात शाबूत.

मग तिनं मायक्रोवेव्ह ओट्याच्या कडेला ओढून घेतला, आत पाण्याचा कप ठेवला, चालू केला, आणि लाकडी चमच्याचं एक टोक त्याच्या बुडाला लावून दुसरं कानाला लावलं. पंख्याची घरघर आली. पण ताटलीच्या मोटारीची ती बारीक कुरकुर असते, मांजर झोपेत करतं तशी, ती नव्हती.

"मेली," ती एकटीच म्हणाली. "नाहीतर हिच्यापर्यंत करंटच पोचत नाही."

कोपऱ्यावर एकाचं दुरुस्तीचं दुकान होतं. इस्त्र्या, मिक्सर, पंखे, सगळं करायचा. त्याला सगळे झालंच म्हणायचे. काहीही विचारा, "झालंच" हे उत्तर. "माझी इस्त्री?" "झालंच." आणि ती कपाटावर जशीच्या तशी धूळ खात पडलेली. काकूनं त्याला फोन केला.

"काकू, येतो. झालंच समजा."

"समजत नाही. आजच ये."

तो आला शुक्रवारी संध्याकाळी. आल्या आल्या मायक्रोवेव्ह कुशीवर आडवा करून बाहेरचं कव्हर सोडवायला लागला.

"काय करतोयस?" काकूनं पेचकसाचा आवाज ऐकून विचारलं.

"कव्हर काढतो. त्याशिवाय मोटार कशी दिसणार?"

"हात काढ! आत मोठा कपॅसिटर असतो. प्लग काढला तरी करंट धरून बसतो तो. तुला चिकटला तर तुझ्या बायकोला मी काय तोंड दाखवू?"

"अहो काकू, मी काय नवखा आहे?"

"नवखा नाहीस, आळशी आहेस. बुडाला बघ, मध्यावर. पत्र्यात एक चौकोन असेल, चार ठिकाणी धरून ठेवलेला. तेवढाच काप. मोटार त्याच्या मागेच असते."

झालंचनं वाकून बघितलं. चौकोन होता. मग म्हणाला, "तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या हाताला डोळे आहेत. मघाशीच चाचपून बघितलंय."

त्यानं पत्र्याची कात्री आणली, चारही कोपरे कापले आणि चौकोन उचलून बाजूला ठेवला. खाली चपटी गोल मोटार, बिस्किटाएवढी. त्यानं दोन्ही तारा सोडवल्या आणि मीटरचे चिमटे मोटारीच्या दोन टोकांना लावले.

"काय दाखवतो?"

"काहीच दाखवत नाही."

"चिमटे नीट लागलेत का? पुन्हा लाव."

"लावले. काहीच नाही."

"म्हणजे वेढा तुटला आत." तिनं हात पुढं केला. "दे इकडे." मोटार नाकाशी नेली. जळका वास येत नव्हता. "जळली नाही, नुसती तार तुटली. केसाहून बारीक असते हिच्यात. कोण भरतं कुणास ठाऊक, घाईत भरली असणार." मग विचारलं, "आणि तारांत करंट येतोय का, ते बघितलंस? नाहीतर नवी आणून बसवशील आणि तीही गप्प."

त्यानं तारांना चिमटे लावले, मायक्रोवेव्ह जपून सरळ केला, आत पाणी ठेवलं, प्लग लावला आणि दोन पावलं मागं उभा राहून मीटर बघितला. करंट येत होता. प्लग परत काढला. दुखणं पक्कं कळलं: तारा ठीक, दात ठीक, मोटार गेलेली.

"उद्या आणतो, परवा बसवतो. झालंच."

"परवा रविवार. चारच्या आत."

"अहो, दुपारी दोनलाच झालंच!"

"ऐक. जुनी बरोबर ने. व्होल्ट तेवढेच बघ. मधला दांडा असाच एका अंगानं चपटा हवा. आणि तारेच्या पिना मोजून बघ."

"हो हो."

तो गेला, आणि शनिवार काही केल्या सरेना. काकूनं गार दूध प्यायलं, पाव खाल्ला. शेजारीण म्हणाली, "मी तापवून देते ना," तर म्हणाली, "नको, गारच आवडतं." कधी आवडलं होतं? पण एकदा शेजारणीकडून घ्यायला लागली असती, तर तिच्याच तोंडून मुलाच्या कानावर गेलं असतं. दिवसभर ती ओट्याशी जाऊन रिकाम्या मायक्रोवेव्हचं दार उघडायची, ताटलीवरून हात फिरवायची, लावायची. रविवारी सकाळपासून तर दर थोड्या वेळानं दाराशी जाऊन कानोसा.

झालंच आला एकदाचा, अडीचला. "जुन्यासारखी मिळेना हो, तीन दुकानं पालथी घातली. ही दुसऱ्या कंपनीची. व्होल्ट तेच, दांडा तोच, पिना त्याच. बघा." तिनं बोटांनी बघितलं. बरोबर होतं सगळं. त्यानं मोटार बसवली, स्क्रू घट्ट केले, तारा लावल्या. कापलेला चौकोन उलटा फिरवून ठेवला, की त्यातलं स्क्रूचं भोक पत्र्यातल्या भोकावर येतं, आणि एका स्क्रूनं अडकवून टाकला.

"हे घ्या, मोटारीबरोबर नवी तिकोनी पण आलीय. टाकून देतो ती झिजकी."

"खबरदार!" काकू इतक्या जोरात ओरडली की त्याच्या हातून पेचकस पडला. "तीच घाल. जुनीच."

"अहो, तिचा एक पाय गेलाय."

"मला तोच पाय हवाय."

झालंच काहीतरी पुटपुटला. म्हातारीचं डोकं फिरलं, असंच काहीतरी असणार. पण जुनी तिकोनी घातली. ताटली ठेवून चालू केलं. फिरली. "फिरतेय! झालंच!" म्हणाला, आणि खांद्याला पिशवी लावून निघूनही गेला.

आता ऐक. जिनं जन्मभर नुसते आकडे मोजले, तिनं त्याला व्होल्ट विचारले, दांडा विचारला, पिना विचारल्या. आणि ही मोटार मिनिटाला किती फेरे घेते, एवढंच तेवढं विचारलं नाही.

तीनला पाच कमी होते. काकूनं म्हटलं, एकदा रंगीत तालीम करून घेऊ. कपात दूध ओतलं, ठेवलं, बटण फिरवलं. कान टवकारले.

टक.

जीव भांड्यात पडला तिचा. चार दिवसांनी तो आवाज! डोळ्यांत पाणीच आलं. टक, दोन. टक, तीन. टक, चार. सहावा ऐकू आल्याबरोबर दार उघडलं आणि नेहमीसारखा हात घालून कपाचा कान धरला.

दूध उतू गेलेलं. कपाच्या कानावर, ताटलीवर, सगळीकडे उकळतं दूध. दोन बोटं भाजली.

हात मागं ओढताना कप आडवा झाला. ती दोन पावलं नळाशी गेली आणि बोटं धारेखाली धरली. भाजल्याचं तिला काहीच नव्हतं. तासाभरानं मुलगा "हात दाखव" म्हणेल, तेच कानात घुमत होतं. पहिलं मनात आलं, हातमोजे घालू. दुसरं आलं, तो आला की भांडी घासत बसू, हात साबणातच ठेवू. तिसरं आलं, डोकं दुखतंय म्हणून झोपून राहू. एकाहून एक बावळट कल्पना. आंधळी बाई हातमोजे घालून दूध देते म्हणे!

मग वाटलं, मायक्रोवेव्हच बिघडला. झालंचनं भलतीच तार जोडली. आता तोही नाही, गॅसही नाही. संपलंच.

धार बंद केली तशी खोलीत शांतता झाली, आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. त्या टिकटिकीनं तिला आठवण दिली. अकरा वर्षं हे घड्याळ तिथंच, त्या टकबरोबर. एका टकपासून दुसऱ्या टकपर्यंत घड्याळाच्या टिकटिकी बारा. तिनं कधी मुद्दाम मोजल्या नव्हत्या, पण मोजलेल्या होत्याच, आत कुठंतरी. मघाशी किती झाल्या होत्या? आनंदात लक्षच दिलं नव्हतं.

तिनं सांडलेलं दूध पुसलं. ताटली धुतली, पुसून बसवली. पेल्यात पाणी ठेवलं, चालू केलं. टक. आता घड्याळ. एक, दोन, तीन... दहा, अकरा, बारा. टक नाही. तेरा, चौदा. ती मोजतच राहिली. एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस.

टक.

"चोवीस," ती मोठ्यानं म्हणाली. नवी मोटार निम्म्या चालीनं फिरत होती. सहा टक म्हणजे जुने बारा. दूध उतू जाणार नाही तर काय होणार? मायक्रोवेव्हचा दोष नव्हता. झालंचचाही अर्धाच. बाकीचा अर्धा तिचा.

दुधाला सहाचे आता तीन. पाण्याला चार. बटाट्यांना साडेबारा, ते पुढं बघू. तीन, तीन, तीन, ती घोकायला लागली. पण हाताला कोण सांगणार? अकरा वर्षांची सवय. तिनं पाण्यावर दोनदा तालीम केली. एकदा बरोबर तीनला दार उघडलं. दुसऱ्यांदा तिसरा टक वाजून गेला, हात दारावर तसाच थांबून राहिला, सहाची वाट बघत. तिनं स्वतःच्या मनगटावर चापट मारली.

मुलगा आला पावणेचारला. पंधरा मिनिटं आधी! दार उघडल्या उघडल्या त्यानं वास घेतला.

"दूध करपलंय का, आई?"

"सांडलं होतं जरा. बस. आधी दूध घे."

"आधी हात दाखव."

"आधी दूध," ती म्हणाली. इतकी ठाम म्हणाली की तो गपचूप टेबलाशी बसला. खुर्ची सरकल्याचा आवाज तिनं ऐकला. तिनं कप भरला. बोटं हुळहुळत होती, कप ताटलीवर ठेवताना किणकिणला. दार लावलं. बटण फिरवलं. डावा हात दारावर ठेवला, भाजलेला उजवा पोटाशी लपवला.

टक. एक.

मागं मुलगा तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "एक." त्याला ती सवयच होती. लहानपणी आई कारखान्यातून कॉइलचं काम घरी आणायची, तेव्हा तिच्या मांडीशी बसून तो तारेचे वेढे मोजायचा. शाळेआधी आकडे शिकला तो तारेवर. दर महिन्याला इथं बसूनही तो तिच्याबरोबर मनात मोजायचा, आणि तिला वाटायचं, त्याचं लक्षच नाही.

टक. "दोन," तो म्हणाला.

चोवीस टिकटिकी किती लांब असतात, त्या दिवशी कळलं तिला. हात दारावर. तीन. तीनला उघडायचं. तीन.

टक.

तिनं दार ओढलं.

"तीनच?" मुलगा चमकला. "आई, सहा ना? सहा असतात दुधाला."

काकूनं डाव्या हातानं कपाच्या बाजूला आधी एक बोट टेकवलं, मग कान धरला, आणि चार पावलं चालून कप त्याच्यापुढं ठेवला. मग दोन्ही हात टेबलावर ठेवले. उलटे, मग सुलटे.

"आजपासून तीन. मोटार बदलली, ती निम्म्यानं फिरते. मला आधी कळलं नाही, सहा मोजले, म्हणून भाजले. दोन बोटं. ही. मोज."

तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग कप उचलल्याचा आवाज, एक घोट. आणखी एक.

"कसं आहे?" तिनं विचारलं.

"नेहमीसारखं."

"मग?"

"मग काय, आई? बोलणं झालं होतं आपलं."

"झालं होतं. मी नाही म्हणत नाही." तिनं हात तसेच ठेवले. "पण कळलं कुणाला? तो झालंच दोन डोळ्यांचा. त्याला दिसली का चाल? मी घड्याळावर मोजून काढली. तासाभरात."

मुलानं तिची बोटं धरली, उजेडाकडं फिरवली. बराच वेळ बघितलं. मग उठला, नळाखाली रुमाल ओला केला आणि बोटांना गुंडाळला. तो गुंडाळतानाही ती मोजत होती. तीन वेढे.

"जुन्या चालीची मोटार मी शोधून आणतो," तो म्हणाला.

"नको रे बाबा! हाताला आत्ता कुठं तीन शिकवलेत. परत सहा आणलेस तर मी वेडी होईन."

तो हसला. मोकळं नाही, नाकातल्या नाकात. "मी पुढच्या रविवारी येतो. आता महिन्यानं नाही, दर आठवड्याला. आणि मी सामान बांध म्हटलं तर..."

"तर बांधीन."

"पण आज म्हणत नाही."

"आज नको म्हणूस."

तो गेला, तेव्हा पायऱ्यांवरचं त्याचं पाऊल तिनं शेवटपर्यंत ऐकलं. बावीस पायऱ्या. मग आत येऊन स्वतःसाठी दूध ठेवलं, चार दिवसांत पहिल्यांदा गरम. हात दारावर.

आणि सांगते तुला, पुढं किती महिने गेले, तरी तिसऱ्या टकला ती मोठ्यानं "तीन!" म्हणायची. ओट्याला, नळाला, घड्याळाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कारण तो हात, तिचाच हात, अजून सहाची वाट बघत उभा राहायला बघायचा, आणि तिचा त्याच्यावर विश्वास उरला नव्हता.